मोजणारा आणि मोजून देणारा : तंजावरातील एका क्रियापदाची हकीकत

मराठीत जमीन मोजतात, धान्य मापतात, सोने तोलतात आणि माणसाला जोखतात. या चार क्रियापदांत मोजणे हे सर्वांत साधे आणि सर्वांत व्यापक. नोटा मोजतात, पावले मोजतात. झोप न येणारा माणूस आढ्याचे वासे मोजतो, शेवटच्या आजारातला घटका मोजतो आणि धोरणी माणूस चारचौघांत शब्द मोजूनमापून वापरतो. मोजका, मोजदाद, मोजणी, मोजणीदार, मोजपट्टी हा सारा त्याचाच गोतावळा. परंतु या क्रियापदाचा एक अर्थ असा आहे की तो आपण रोज वापरतो आणि तरीही त्याकडे आपले लक्ष जात नाही. 'घरासाठी त्याने चाळीस लाख मोजले' असे आपण म्हणतो तेव्हा मोजणे याचा अर्थ देणे, चुकते करणे असा असतो. मोजण्याची क्रिया देणाऱ्याच्या हातून घडते आणि मोजून झाले की वस्तू त्याची राहत नाही.

नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला आपली भाषा दुसऱ्या भाषेशेजारी ठेवून पाहण्याची सवय लागते. आपल्यापैकी अनेकांचा हा अनुभव असेल. माझ्या सेवेतील काही वर्षे तमिळनाडूत गेली आणि त्या काळात तंजावरला वरचेवर जाणे झाले. तेथे मला मोजणे या क्रियापदाची एक तमिळ बहीण भेटली. तमिळमध्ये मोजण्या-मापण्याचा धातू आहे 'अळ'. त्यापासून 'अळवु' म्हणजे माप, प्रमाण, मर्यादा. आणि 'अळवै' म्हणजे मापन. तमिळनाडूच्या भूमापन खात्याच्या पाटीवर 'निल अळवै' हे शब्द असतात. निलम् म्हणजे जमीन. आता गंमत अशी की हाच 'अळवै' शब्द तमिळ तर्कशास्त्रात 'प्रमाण' या अर्थाने येतो. प्रत्यक्ष, अनुमान इत्यादी ज्ञानाची साधने ती अळवै, आणि खुद्द तर्कशास्त्राचे एक नाव 'अळवैयियल'. शेताचा बांध ठरवणारी विद्या आणि सत्य ठरवणारी विद्या यांना एकच शब्द पुरतो.

आपल्याकडेही निराळे काही नाही. फक्त ते संस्कृताच्या आडून घडले असल्याने चटकन दिसत नाही. संस्कृतात मोजण्याचा धातू 'मा'. माप, मात्रा, मिती, परिमाण ही त्याची उघड संतती. प्रमाण, अनुमान, उपमा, प्रतिमा, निर्माण हीही त्याचीच. मोजता येत नाही ते अमित. न्यायशास्त्रातले प्रमाण, तहसील कचेरीतले प्रमाणपत्र आणि वागणुकीतला प्रामाणिकपणा हे तिन्ही एका मोजपट्टीतून निघाले आहेत. प्रामाणिक म्हणजे मुळात प्रमाणाला उतरणारा. (आदर या अर्थाचा 'मान' मात्र या घरातला नव्हे; तो 'मन्' धातूचा. शासकीय पत्रव्यवहारात 'माननीय' व्यक्तींची संख्या मोजण्यापलीकडे गेली असली तरी व्युत्पत्ती तेवढ्याने बदलत नाही.) तमिळमध्ये 'मा' असाही एक शब्द आहे. तो वेगळ्या कुळातला, त्याचा अर्थ एक विसांश. कावेरीच्या त्रिभुजप्रदेशातला शेतकरी आजही आपली जमीन किती 'मा' आहे ते सांगतो. एक वेली म्हणजे सुमारे ६⅔ एकर, आणि वेलीचा विसावा भाग तो मा.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावर हे सारे कोरलेले आहे. राजराज चोळाने हे मंदिर इ. स. १०१० मध्ये पूर्ण केले, आणि त्याच्या भिंती म्हणजे दगडावर लिहिलेली हिशेबवहीच आहे. कोणत्या गावाने किती भात द्यायचे, दिव्याला किती तूप, कोणत्या नर्तकीला किती वाटा, दागिन्यांचे वजन किती, हे ओळीमागून ओळी लिहून ठेवले आहे. भक्तिभावाने येणाऱ्याला हे रुक्ष वाटेल. माझ्यासारख्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र तेथून हलवत नाही. धान्याचे माप ते 'मरक्काल'. त्यातही साधे मरक्काल नव्हे, तर 'आडवल्लान' नावाचे मरक्काल, जे 'राजकेसरी' नावाच्या मापाबरोबर आहे असे बजावून सांगितलेले. आडवल्लान म्हणजे नृत्यात निपुण, अर्थात नटराज. सोने तोलण्याच्या दगडालाही त्याचेच नाव, आणि रत्ने तोलण्याच्या वजनाला 'दक्षिणमेरुविटंकन' हे या देवळातल्या देवाचे नाव. मापाला देवाचे नाव देण्यात भक्ती असेलच, परंतु त्यात प्रशासकीय शहाणपणही आहे. देवाच्या नावाचे माप कोरून काढून मोठे करणाऱ्याला, किंवा तळाशी मेण भरून लहान करणाऱ्याला, दोनदा विचार करावा लागतो.

मंदिराचे द्रव्य गावोगावच्या सभांना कर्जाऊ दिले जाई. व्याजाचा दर काशूमागे वर्षाला एक अष्टमांश काशू, म्हणजे साडेबारा टक्के. पुष्कळदा ते व्याज भाताच्या रूपाने यायचे, आणि ते 'देऊ' असे म्हणण्यासाठी लेखांमध्ये क्रियापद येते ते 'अळ' धातूचेच : चंद्रसूर्य असेपर्यंत इतके कलम भात आम्ही मोजावे. तमिळ गावकऱ्याच्या लेखी 'मोजणे' म्हणजे 'चुकते करणे' हा अर्थ एक हजार वर्षांपूर्वीच रूढ होता. या दोन भाषांपैकी कोणी कोणाकडून तो घेतला असे मला मुळीच सुचवायचे नाही. जेथे धान्य हेच चलन आहे तेथे माप भरणे आणि देणे या दोन क्रिया वेगळ्या राहूच शकत नाहीत.

धान्य मोजून घ्यायचे तर आधी जमीन मोजायला हवी. राजराजाने इ. स. १००१ च्या सुमारास राज्याची जमीनमोजणी करविली. ज्या अधिकाऱ्याकडे हे काम होते त्याचे नाव लेखांत सापडते : सेनापती कुरवन उलगळन्दान, ऊर्फ राजराज महाराजन. 'उलगळन्दान' म्हणजे जग मोजणारा. मोजणीच्या काठीचे नावही तेच, 'उलगळन्द कोल', जग मोजलेली काठी. पुढे पहिल्या कुलोत्तुंगाने १०८६ मध्ये पुन्हा मोजणी केली. इंग्लंडात विजेत्या विल्यमने आपली डोम्सडे नोंदवही तयार करविली तेही हेच वर्ष.

चोळांच्या मोजणीची बारकाई थक्क करणारी आहे. वेलीचा विसांश मा, ऐंशीवा भाग काणी, तीनशेविसावा भाग मुन्तिरी. मग मुन्तिरीलाच एक मानून पुन्हा तिचे तसेच भाग, आणि त्या भागांचे पुन्हा भाग. अशा उतरंडीने हे लेख वेलीच्या ५२,४२,८८,००,००० व्या भागापर्यंत जातात. कुतूहल म्हणून मी हिशेब केला. आजची वेली धरली तर हा भाग साधारण अर्धा चौरस मिलिमीटर होतो. त्यावर भाताचा एक दाणाही मावणार नाही. अर्थात बांधावर उभे राहून कोणी काठीने हे मोजले नव्हते. हा भागाकारातून उरलेला अंश आहे, कारकुनाने तो सोडला नाही इतकेच. तरीही ती संख्या वाचताना मला त्या अनाम कारकुनाविषयी आदर वाटतो, आणि थोडी भीतीही. एवढे बारीक लिहिलेले चुकीचे असेल असे कोणाच्या मनात येणार? शेत प्रत्यक्षात कसेही असो, भिंतीवरचा आकडा हेच 'अळवै' होते, हेच प्रमाण.

'जग मोजणारा' ही पदवी कोठून आली हे उघड आहे. तीन पावलांत त्रैलोक्य मोजणारा त्रिविक्रम विष्णू तमिळ देशात 'उलगळन्द पेरुमाळ' म्हणून पुजला जातो. कांचीपुरम आणि तिरुक्कोयिलूर येथील त्याची मंदिरे प्रसिद्ध आहेत. ऋग्वेदातील विष्णुसूक्तातही त्याच्या या पराक्रमासाठी 'मा' धातूचेच रूप येते. म्हणजे महसुली अधिकाऱ्याने स्वतःसाठी बिरुद निवडले ते देवाचे. पण त्या कथेला दुसरी बाजू आहे. ज्याची जमीन मोजली गेली तो बळी. महाराष्ट्रातला शेतकरी स्वतःला बळीराजा म्हणवतो, आणि दिवाळीच्या पाडव्याला आपल्या घरांतून बळीचेच राज्य येण्याची इच्छा बोलली जाते. पाऊल ठेवणाऱ्याची आठवण दगडात कोरली गेली. ज्याच्या डोक्यावर ते पडले त्याची आठवण घराघरांतल्या बायकांच्या तोंडी राहिली. महसूल प्रशासनाच्या इतिहासाची ही दोन साधने आहेत, आणि आम्ही सरकारी लोक बहुधा पहिलेच वाचतो.

या भूमीवर मराठे आले ते १६७५-७६ च्या सुमारास, व्यंकोजीराजांबरोबर. येताना मोजणीची आपली परंपरा त्यांना ठाऊक असणारच. शिवकालीन मोजणीचे जे वर्णन आपण नेहमी वाचतो, पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर, ते सभासदाच्या बखरीतले; आणि ती बखर लिहिली गेली तमिळ मुलखातच, जिंजीच्या किल्ल्यावर, राजारामांच्या सांगण्यावरून १६९७ च्या सुमारास. तंजावरात मात्र चावर आणि बिघा रुजले नाहीत. वेली, मा, कलम, मरक्काल तसेच चालू राहिले. कारभाराची भाषा मराठी, लिपी मोडी, विभागणी पाच सुभ्यांची, आणि माप तमिळ. मला यात नव्या राज्यकर्त्यांचा विवेक दिसतो. राजा बदललेला रयत सोसते, माप बदलले तर ती बिथरते. शब्दांची देवघेव मात्र झाली. मिरासदार हा शब्द तंजावरात इतका मुरला की तेथे त्याचा अर्थच मोठा जमीनदार असा झाला. गावातले जुने सरकारी रुग्णालय आजही राजा मिरासदार या नावाने ओळखले जाते. आपली 'मोजणी' शेजारच्या कन्नडात 'मोजिणी' होऊन स्थायिक झाली आहे, आणि कर्नाटकाच्या भूमापन खात्याने जमीनमोजणीच्या अर्जांसाठी जी संगणकप्रणाली केली तिचे नावच 'मोजिणी' आहे.

त्या काळच्या महसुलात मुख्य प्रश्न होता तो मोजायचे काय, हा. अमानी पद्धतीत सरकार पिकात वाटेकरी. खळ्यावर रास पडली की ती मोजायची आणि सरकारचा 'मेलवारम्' व कसणाऱ्या पक्षाचा 'कुडिवारम्' वेगळा करायचा. मोजणी होईपर्यंत रास हलवायची नाही. पीक बुडाले तर सरकारही बुडते, म्हणून ही पद्धत रयतेला सोयीची वाटते. पण तिला प्रत्येक खळ्यावर एक माणूस लागतो, आणि असा प्रत्येक माणूस विकत घेता येतो. उलट जमीन एकदाच मोजून सारा ठरवून टाकला तर माणसे कमी लागतात, परंतु पावसाचा सगळा धोका शेतकऱ्याच्या माथी जातो. मोजण्याचा खर्च कोणी सोसायचा आणि न मोजण्याचा धोका कोणी पत्करायचा, या दोन टोकांमध्ये जगभरचे महसूल खाते आजवर झुलत आले आहे. तंजावरने दोन्ही करून पाहिले. १७८१ मध्ये हैदरअलीच्या स्वारीने मुलूख उजाड झाल्यावर गावांचे गट करून एकेका 'पट्टकदारा'वर वसुलीची जबाबदारी टाकण्यात आली. म्हणजे मोजणीच मक्त्याने दिली. पट्टकदार शिरजोर झाले, हे सांगायला नकोच.

१७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांनी राज्याचा कारभार कंपनीच्या हवाली केला. त्यांना वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा एक पंचमांश मिळावा असे ठरले. 'निव्वळ' हा शब्द वाचकांनी लक्षात घ्यावा. त्या पंचमांशाचा आकडा काढणार कोण? कंपनीचे हिशेबनीस. काल जो मोजून घेत होता, तो आज दुसऱ्याने मोजून दिलेले घेऊ लागला. १८०३ मध्ये सरफोजीराजांनी भोसले कुळाचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतींवर मराठीत कोरविला. चोळांनी जेथे कलम आणि काशू लिहिले तेथे मराठ्यांनी वंशावळ लिहिली. त्यांच्याजवळ मोजायला आता पिढ्याच उरल्या होत्या.

त्यानंतर पाचच वर्षांनी, १८०८ मध्ये, त्याच देवळात एक अपघात घडला. विल्यम लॅम्बटन दक्षिणेचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण करीत होता. १८०२ मध्ये मद्रासजवळ साडेसात मैलांची आधाररेषा मोजून त्याने कामाला आरंभ केला होता. कावेरीचा प्रदेश सपाट आणि नारळीच्या बागांनी झाकलेला. लांबची खूण दिसायला उंच जागा नाही. म्हणून तो गोपुरांवर आणि शिखरांवर यंत्र चढवीत असे. तंजावरला त्याचे सुमारे अर्ध्या टनाचे थिओडोलाइट दोराने वर ओढले जात असताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून वेडेवाकडे झाले. दुसऱ्या कोणी नवे यंत्र येईपर्यंत काम थांबवले असते. लॅम्बटनने स्वतःला कोंडून घेतले आणि सहा आठवडे राबून ते दुरुस्त केले. जग मोजणाऱ्या काठीची नोंद ज्या दगडांवर आहे त्याच दगडांवर उपखंड मोजणारे यंत्र आपटावे हा योगायोगच. हा लॅम्बटन पुढे त्रिकोण जोडीत जोडीत उत्तरेकडे सरकला आणि १८२३ च्या जानेवारीत आपल्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथेच आहे. नागपूरकडे जाणाऱ्या वाचकांनी वाट थोडी वाकडी करायला हरकत नाही.

लॅम्बटनचे मोजणे आणि खळ्यावरचे मोजणे यांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर होते. इंग्रजांना पृथ्वीचा वक्राकार कळला, तरी पण्णैवर राबणाऱ्या मजुराचे मरक्काल तसेच राहिले. पण्णै म्हणजे जमीनदाराची शेती आणि पण्णैयाळ म्हणजे तीवर बांधलेला मजूर. त्याची मजुरी भाताच्या मापात. येथे 'मापात पाप' ही आपली म्हण शब्दशः लागू पडते : खंड घ्यायचे मरक्काल मोठे आणि मजुरी द्यायचे लहान, अशी तक्रार सर्वत्र होती. असल्या मापाला लोक 'कळ्ळ मरक्काल' म्हणत; कळ्ळ म्हणजे खोटे. व्हिटोल्ड कुला या पोलिश इतिहासकाराने युरोपातील मापांचा इतिहास लिहिताना शिगेचे माप आणि काठोकाठ सपाट केलेले माप यांतील फरकावरून झालेली भांडणे पानोपानी नोंदवली आहेत. आपल्या मराठीत शीग, मापारी, मापटे हे शब्द आहेतच, आणि 'माप पदरात घालणे' हा वाक्प्रचार आपण कौतुकासाठी वापरतो तसाच खोचकपणेही वापरतो. रयतेची स्मृती भाषेत अशी साठते.

१९४० च्या दशकात बी. श्रीनिवास राव यांच्या नेतृत्वाखाली तंजावरच्या मजुरांनी जे लढे दिले त्यांत चाबकाचे फटके आणि शेणाचे पाणी पाजण्याची शिक्षा बंद करा, या मागण्यांबरोबर मोजायला शिक्क्याचे मरक्काल वापरा, अशीही मागणी होती. मला ही मागणी फार महत्त्वाची वाटते. तीत जास्त भात मागितलेले नाही. ठरले आहे तेवढेच द्या, पण सरकारमान्य मापाने द्या, एवढेच म्हटले आहे. फटक्यांच्या शेजारी मापाला स्थान मिळते तेव्हा माप ही केवळ हिशेबाची बाब राहिलेली नसते. १९५२ मध्ये तंजावरची कुळे आणि पण्णैयाळ यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात कुळाचा वाटा चाळीस टक्के ठरला. एका गावात ६⅔ एकरांहून अधिक जमीन असणाऱ्यांनाच तो लागू होता. वाचकांच्या ध्यानात आले असेल, ही मर्यादा म्हणजे बरोबर एक वेली. आकडा एकरांत लिहिला, तरी तो आला चोळांच्या काठीवरून.

कायदा झाला म्हणून मरक्काल भरले नाही. मजुरीचे झगडे चालूच राहिले, आणि २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री कीळवेण्मणी गावात ४४ दलित माणसांना एका झोपडीत जाळून मारण्यात आले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. वाद मजुरीवाढीचा होता, म्हणजे कापणीच्या भातात आणखी थोडे माप पडावे याचा. पुढच्याच वर्षी शेतमजुरांच्या रास्त वेतनाचा कायदा झाला. 'किंमत मोजणे' हा शब्दप्रयोग मी त्या गावासाठी वापरू इच्छित नाही. किंमत मोजणारा काहीतरी विकत घेत असतो. येथे ज्यांच्याकडून घेतले गेले त्यांना कोणी विचारले नव्हते.

कीळवेण्मणी आज नागपट्टिणम जिल्ह्यात आहे. त्या भागात कापणीच्या दिवसांत रस्त्यालगत सरकारी भात खरेदी केंद्रे दिसतात. मरक्काल गेले, इलेक्ट्रॉनिक काटा आला, आणि चाळीस किलोची पोती त्यावर चढतात. शीग लावण्याचा प्रश्नच नाही. परंतु काट्याच्या आधी एक लहानसे यंत्र येते, ओलावा मोजणारे. दाण्यातील पाण्याचे प्रमाण १७ टक्क्यांहून जास्त असेल तर नियमाप्रमाणे भात घेता येत नाही. कापणीत अवकाळी पाऊस आला की ओलावा वाढतो, पोती उघड्यावर थांबतात आणि राज्य सरकार केंद्राकडे सवलत मागते. २०२२ च्या ऑक्टोबरात ती १९ टक्क्यांपर्यंत मिळाली, २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्क्यांपर्यंत. त्यासाठी दिल्लीहून पथके येतात आणि नमुने घेऊन जातात. पूर्वी शेतकरी मरक्कालाच्या काठाकडे पाहत उभा राहत असे. आता तो त्या यंत्रावरच्या आकड्याकडे पाहत असतो. यंत्र केंद्रावरच्या कर्मचाऱ्याच्या हातात असते.